वॉर्डात तिसरा पॉझिटिव्ह आला: विषाणूच्या जनुकक्रमावरून संसर्गाची वाट कशी शोधावी

पाऊस मुरला की इस्पितळात हा फोन ठरलेला. "डॉक्टर, अकरा नंबरची पेशंटसुद्धा पॉझिटिव्ह आली." म्हणजे आठवड्यातली तिसरी. हृदयाच्या त्रासासाठी दाखल झालेल्या, बारा दिवस खाट न सोडलेल्या बाईला हा विषाणू आला कुठून? तासाभरात वॉर्डाने आपला आरोपी ठरवून टाकलेला असतो. कधी खोकणारा वॉर्डबॉय, कधी दुपारी पेजेचा डबा घेऊन येणारा जावई. चहाच्या खोलीत एखादी सिस्टर हळूच म्हणते, "आतां हें आमचेर येतलें." आणि बहुतेक वेळा ते त्यांच्यावर येतेही.

असल्या आरोपाला पुराव्याने उत्तर देण्याचे साधन आज आहे, ते म्हणजे विषाणूचा जनुकक्रम, त्याच्या आनुवंशिक मजकुरातल्या अक्षरांची ओळ. हा लेख गोव्यातल्या मध्यम आकाराच्या इस्पितळांत संसर्ग नियंत्रणाचे काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरसाठी आहे. तुमच्याकडे सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जनुकक्रम वाचण्याचे, यंत्र नसले तरी काही बिघडत नाही. यंत्राआधीचे आणि यंत्रानंतरचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि माझ्या अनुभवात चुका तिथेच होतात.

आधी मूळ कल्पना

विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो आणि नक्कल करताना अधूनमधून एखादे अक्षर चुकतो. चुकलेले अक्षर पुढच्या माणसाकडे तसेच जाते. जुन्या पोथ्या उतरवून घेताना लेखनिकाची चूक पुढच्या प्रतींत उतरायची आणि त्यावरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून केली हे अभ्यासकांना ओळखता यायचे. इथे काम तेच, फक्त पोथी विषाणूची.

कोविडच्या विषाणूचे उदाहरण घेऊ. वुहानमधल्या ज्या जनुकसंचाशी (विषाणूच्या सगळ्या अक्षरांच्या संचाशी) आजही तुलना करतात, तो २९,९०३ अक्षरांचा आहे. त्यात महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलतात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला सरासरी पाच दिवस धरले, तर एका उडीत सरासरी एक-तृतीयांश बदल पडतो. हिशेब मांडून पाहा: एकाने दुसऱ्याला थेट संसर्ग दिला अशा दहा जोड्या घेतल्या, तर साधारण सात जोड्यांत दोघांचे जनुकक्रम तंतोतंत सारखे निघतील. पण तिसऱ्याच कोणी त्या दोघांना संसर्ग दिला असेल, तरीही ते सारखे निघू शकतात. म्हणून सारखेपणावरून "याने त्याला दिला" असे म्हणता येत नाही. उलट, दोन आठवड्यांच्या आत आजारी पडलेल्या दोघांच्या विषाणूंत दहा अक्षरांचा फरक असेल, तर एकाने दुसऱ्याला दिला ही शक्यता जवळपास संपते. जनुकक्रम "नाही" छातीठोकपणे सांगतो, "हो" म्हणताना मात्र चाचरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

त्या "नाही"चे वजन किती असू शकते हे लिबियातल्या बेनगाझीच्या प्रकरणात दिसले. १९९८ मध्ये तिथल्या मुलांच्या इस्पितळात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम संसर्ग पसरवल्याचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी मुलांच्या विषाणूंचे जनुकक्रम तपासले. ही मंडळी मार्च १९९८ मध्ये कामावर येण्याच्या आधीपासूनच तो विषाणू त्या इस्पितळात फिरत होता, असे दिसून आले. २००७ मध्ये त्यांची सुटका झाली. आपल्या वॉर्डबॉयवर मृत्युदंडाची वेळ येत नाही, पण कंत्राट संपवून घरी पाठवायला इथे कुजबुज पुरते.

पहिली पायरी: पॉझिटिव्ह नमुना टाकू नका

ही पायरी इतकी साधी की तिच्याकडे कोणी बघतच नाही. मला एकदा एका इस्पितळात बोलावले तेव्हा वॉर्डात आठ रुग्ण झाले होते. उरलेले नमुने मागितले तर दोघांचेच मिळाले. बाकीचे तीन दिवस झाले म्हणून ऑटोक्लेव्ह करून (वाफेने निर्जंतुक करून) कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेले होते, अगदी नियमाप्रमाणे. चूक कोणाचीच नव्हती, कारण "ठेवा" असे कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून लेखी सूचना काढा: दाखल रुग्ण आणि कर्मचारी यांपैकी ज्याचा ज्याचा श्वसनाच्या विषाणूचा नमुना पॉझिटिव्ह येईल, त्याचा उरलेला व्हीटीएम (स्वॅब ज्या द्रावात ठेवतात तो) निदान दोन महिने जपायचा. दोन ते आठ अंश तापमानात तो ७२ तासांपर्यंत चालतो, त्यापुढे उणे ७० किंवा त्याहून खाली हवा. घरगुती फ्रीजरच्या बर्फकप्प्यावर भिस्त ठेवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर बर्फ वितळवण्यासाठी मधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि आपल्याकडे आषाढात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. नमुना गोठला-वितळला की विषाणूचा आरएनए, म्हणजे ज्यावर ही अक्षरे असतात तो धागा, तुटतो. उणे ७० चा फ्रीजर नसेल, तर ज्यांच्याकडे आहे अशा प्रयोगशाळेशी आजच बोलून ठेवा. साथ आल्यावर फोन करत बसू नये.

रॅपिड अँटिजेन चाचणीवर भागवत असाल, तर पॉझिटिव्ह आलेल्याचा दुसरा स्वॅब लगेच व्हीटीएममध्ये घ्या. किटच्या द्रावात राहिलेल्या थेंबांवर अवलंबून राहू नका.

आरटीपीसीआरची सीटी व्हॅल्यू (विषाणू कितव्या फेरीत दिसला तो आकडा; कमी म्हणजे विषाणू जास्त) नमुन्याबरोबर लिहून ठेवा. ३० च्या खाली असेल तर पूर्ण जनुकक्रम मिळण्याची आशा चांगली. त्यापुढे तुकडेच हाती येऊ लागतात. एका किटची सीटी दुसऱ्या किटच्या सीटीशी ताडून बघू नका. तो आकडा किटागणिक हलतो.

दुसरी पायरी: वही

खरे काम इथे आहे. जनुकक्रम आल्यावर ज्याला "मग ते दोघे भेटले कुठे?" या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हातात विषाणूंच्या वंशवृक्षाची नुसती रंगीत आकृती उरते.

प्रत्येक रुग्णासाठी एक आडवी ओळ आखा, दिवस डावीकडून उजवीकडे. दाखल झाल्याची तारीख, पहिले लक्षण, शेवटची निगेटिव्ह चाचणी, पहिली पॉझिटिव्ह चाचणी. ब्रिटनमध्ये कोविडसाठी वापरलेली विभागणी सोपी आहे. दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत पॉझिटिव्ह आला तर संसर्ग बाहेरचा, तीन ते सात दिवसांत सांगता येत नाही, आठ ते चौदा दिवसांत बहुधा इस्पितळातला, पंधराव्या दिवसापासून नक्की इस्पितळातला. अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा) विषाणूगणिक बदलतो हे ध्यानात असू द्या. फ्ल्यूला एक ते चार दिवस लागतात, नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास, कांजिण्यांना १० ते २१ दिवस.

मग त्या ओळीत खाटेचा क्रमांक तासासह भरा. रुग्ण वाटतो त्यापेक्षा फार हलतो. एक्स-रे, सोनोग्राफी, टूडी इको, फिजिओथेरपी, डायलिसिस, एका रात्रीपुरता आयसीयू. कोणी नेले, किती वेळ बाकावर बसवले, बाजूला कोण होते? बाकाचे उत्तर केसपेपरवर नसते, ते व्हीलचेअर ढकलणाऱ्याला ठाऊक असते. नेब्युलायझर, बायपॅप (मास्कमधून दाबाने दिलेला श्वास), सक्शन कधी झाले तेही टिपा.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत भिंतीवरचा रोस्टर पुरावा म्हणून धरू नका. ड्युट्यांची अदलाबदल होतेच, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात तर तो रोस्टर म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. खरी हजेरी बायोमेट्रिकमधून किंवा इन्चार्ज सिस्टरच्या वहीतून घ्या. सफाई आणि सुरक्षा कंत्राटदाराकडे असेल तर त्यांची यादी वेगळी मागवा. ही माणसे एका दिवसात तीन-चार वॉर्ड फिरतात आणि आपल्या कागदांत कुठेच नसतात. आणि एक जमात हमखास सुटते, ती म्हणजे सकाळी मडगाव, दुपारी पणजी, संध्याकाळी म्हापसा करणारे फिरते कन्सल्टंट. त्यांना विचारायला संकोच वाटतो, म्हणून त्यांना पहिले विचारा.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरते. "तुला ताप असताना ड्युटीवर का आलीस?" असे विचारले की पुढचे सगळे खोटे. "जेवायला कुठे बसता, बरोबर कोण असते, खोलीला खिडकी आहे का?" असे विचारा. मास्क कुठे उतरतो ते आपोआप कळते.

रुग्णाजवळ राहणाऱ्या नातेवाइकांची नोंद गोव्यात फार महत्त्वाची. रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारी मुलगी, सकाळी तिला सोडवायला येणारा भाऊ. ही माणसे वॉर्डाच्या हवेत आपल्या सिस्टरपेक्षा जास्त वेळ असतात. नमुने घेताना त्यांना वगळले, तर साखळीत भोक राहते.

तिसरी पायरी: हा विषाणू या कामाचा आहे का?

कोविड, इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही हे तिन्ही आरएनए विषाणू भरभर बदलतात, म्हणून उपयोगी. इन्फ्लुएन्झा ए चा जनुकसंच आठ तुकड्यांत असतो, एकूण सुमारे साडेतेरा हजार अक्षरे. आठही तुकडे वाचून घ्या, नुसत्या एका तुकड्यावर वॉर्डातली साखळी ठरवू नका. लहान मुलांच्या वॉर्डात आरएसव्ही, सुमारे पंधरा हजार अक्षरे. जुलाब-उलट्यांच्या साथीत नोरोव्हायरस, साडेसात हजार अक्षरे. यातही प्रकार ठरवण्यापुरता छोटा तुकडा वाचतात, पण साखळीसाठी पूर्ण जनुकसंच लागतो.

गोवराचे प्रयोगशाळेतले नेहमीचे वर्गीकरण फक्त ४५० अक्षरांवर होते. तेवढ्यावर एका वॉर्डातले दोन रुग्ण वेगळे करता येत नाहीत. कांजिण्यांचा विषाणू डीएनएचा, सव्वा लाख अक्षरांचा आणि फार सावकाश बदलणारा. तिथे वहीच पुरते. आणि सत्तरी तालुक्यातून माकडतापाचा रुग्ण आला, तर वॉर्डात साखळी शोधत बसू नका. २०१५ मध्ये तो आजार सत्तरीत आल्यापासून हा गोंधळ मी पाहिला आहे. तो गोचिडीमार्फत येतो, शेजारच्या खाटेवरून येत नाही.

चौथी पायरी: काय आणि कुठे पाठवायचे

२०२१ मध्ये गोव्यातले नमुने पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जायचे आणि निकाल येईपर्यंत रुग्ण घरी जाऊन बरा झालेला असायचा. देशभरातल्या प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळांपासून सुरू झाले आणि पुढे वाढले. आज तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट एवढीच: गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा) सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि राज्याचा साथरोग सर्वेक्षण विभाग यांच्याशी आधीच ठरवून ठेवा की संशयित इस्पितळी साथीचे नमुने कोणाला, कोणत्या कागदासह, कोणत्या वारी पाठवायचे. साथीची सूचना तर त्यांना द्यायचीच असते.

पाठवताना निवड करू नका. ज्यांच्यावर संशय आहे तेवढेच पाठवले, तर निकाल त्या संशयाभोवतीच फिरतो. वॉर्डातले सगळे पॉझिटिव्ह, कर्मचारी आणि सोबतचे नातेवाईक धरून, आणि शिवाय त्याच आठवड्यात दुसऱ्या वॉर्डात किंवा ओपीडीत पॉझिटिव्ह आलेले तीन-चार. हे बाहेरचे नमुने तुमचे मोजमाप आहेत. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, कोणता क्रमांक कोणाचा ही किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

पाचवी पायरी: प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

प्रयोगशाळा विषाणूच्या आरएनएवरून सुमारे चारशे-चारशे अक्षरांचे एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे वाढवते, ते यंत्रावर वाचते आणि संगणकावर जोडते. यंत्र इल्युमिनाचे की तळहातावर मावणारे नॅनोपोर, हा वाद तुम्ही घालू नका. पुरेशा वेळा वाचले तर दोन्हींचा अंतिम जनुकक्रम या कामाला चालतो. पण पुढच्या गोष्टी जरूर विचारा.

निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम विषाणूविना लावलेला नमुना) स्वच्छ आला का? साखळीच्या तपासातली सर्वांत घातक चूक म्हणजे नमुने भरायच्या खड्ड्यांच्या प्लेटवर शेजारच्या खड्ड्यातून उडालेला थेंब. एका रुग्णाचा विषाणू दुसऱ्याच्या नळीत गेला, की दोघांचे जनुकक्रम तंतोतंत जुळतात आणि वॉर्डात कधीच न भेटलेली दोन माणसे कागदावर भेटतात. एकाच वॉर्डाचे नमुने प्लेटवर एका ओळीत न लावता विखरून लावायला सांगा. संशय आला तर मूळ व्हीटीएममधून पुन्हा करायला सांगा. म्हणून तर तो जपायचा.

किती जनुकसंच वाचला गेला? नव्वद टक्क्यांहून अधिक हवा, आणि प्रत्येक जागा निदान वीस वेळा वाचलेली असावी. न वाचलेल्या जागी "एन" लिहिलेले असते. एनचा अर्थ "माहीत नाही" असा, "बदल नाही" असा नव्हे. काही संगणकीय पद्धती रिकाम्या जागा मूळ वुहान जनुकसंचाच्या अक्षरांनी भरतात. असे झाले की दोन वेगळे विषाणू जवळचे वाटू लागतात. डेल्टाच्या वेळी नेहमीच्या प्रायमरचा (तुकड्यांची टोके ठरवणाऱ्या छोट्या डीएनएचा) ७२ क्रमांकाचा तुकडा नीट वाढत नसे आणि स्पाइक जनुकातला एक बदल नमुन्यागणिक दिसे-लपे. ती माहिती नसलेल्याला वाटायचे की दोन वेगळ्या साखळ्या आहेत.

आणि अहवालात फक्त "ओमिक्रॉन" किंवा वंशाचे नाव घेऊन परत पाठवू देऊ नका. आडनाव नाईक म्हणून सगळे एका घरचे होत नाहीत. तुम्हाला पूर्ण जनुकक्रमाची फास्टा फाइल आणि बदलांची यादी हवी.

सहावी पायरी: गावात काय फिरते आहे?

ही पायरी लोक गाळतात आणि फसतात. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन इतक्या वेगाने पसरत होता की एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांत तंतोतंत सारखा विषाणू मिळणे नवलाचे नव्हते. अशा वेळी वॉर्डातल्या दोघांचा विषाणू जुळला याला फारशी किंमत नाही. तोच जनुकक्रम गोव्यात दुसरीकडे कुठेही नसेल आणि फक्त तुमच्या वॉर्डात पाच जणांत असेल, तर मात्र उठून बसा.

म्हणून त्याच महिन्याचे गोव्यातले जनुकक्रम तुलनेला घ्या, आणि नुसत्या गोव्याचे घेऊन भागत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत सावंतवाडी, दोडामार्ग, कारवार, बेळगावचे रुग्ण येतात. सिंधुदुर्ग आणि उत्तर कर्नाटकाचे जनुकक्रम नसतील तर दोडामार्गच्या आजोबांनी घरून आणलेला विषाणू तुम्हाला वॉर्डातला वाटेल. डिसेंबरात पर्यटकांमुळे ही यादी आणखी लांबते.

सातवी पायरी: वाचन

नेक्स्टक्लेड ही जनुकक्रम तपासणारी प्रणाली ब्राउझरमध्ये उघडते, फाइल तुमच्या संगणकावरच तपासली जाते, बदलांची यादी मिळते. पाच-दहा नमुन्यांसाठी तेवढे आणि एक एक्सेलचा तक्ता पुरतो. जास्त असतील तर मॅफ्ट या प्रणालीने अक्षरे एकाखाली एक जुळवून आयक्यू-ट्री या प्रणालीने वंशवृक्ष काढतात. तुलनेतून जनुकसंचाच्या दोन्ही टोकांची शे-पन्नास अक्षरे वगळा, तिथले वाचन भरवशाचे नसते.

आता एक कल्पित वॉर्ड घेऊ. चौदा खाटांचा स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, नऊ दिवसांत सहा रुग्ण आणि दोन कर्मचारी (एक वॉर्डबॉय, एक सिस्टर) पॉझिटिव्ह. रुग्णांना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. सर्वांत आधी खोकला वॉर्डबॉयला, म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात.

निकाल असा: क, ख आणि ग यांचे जनुकक्रम तंतोतंत एक. घ मध्ये तेच सगळे अधिक एक नवा बदल. सिस्टरमध्ये घ चा तो बदलही आहे आणि त्यावर आणखी एक. च चा विषाणू या सर्वांपासून १४ अक्षरे लांब. वॉर्डबॉयचा ११ अक्षरे लांब, आणि च शीही जुळत नाही. छ ची सीटी ३४ होती, जेमतेम चाळीस टक्के जनुकसंच वाचला गेला.

वॉर्डबॉय सुटला. त्याने हा विषाणू आणला नाही, पसरवला नाही, त्याचा खोकला वेगळ्याच घरचा. च दाखल होऊन चारच दिवस झाले होते, तिचा संसर्ग बहुधा घरून आला. छ बद्दल काहीही बोलायचे नाही. "बहुधा त्याच साखळीतली असावी" असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरा. वाचलेल्या चाळीस टक्क्यांत साखळीशी न जुळणारे बदल दिसले असते तर तिला बाहेर काढता आले असते, जुळणाऱ्यांवरून आत घेता येत नाही.

सिस्टरने घ ला दिला की घ ने सिस्टरला? बदल एकावर एक चढलेले पाहता घ आधी, सिस्टर नंतर असे वाटते. घ ला लक्षणेही सिस्टरच्या तीन दिवस आधी आली. तरी "बहुधा" हा शब्द काढू नका. सिस्टरने आधी संसर्ग दिला आणि तो जादा बदल तिच्या शरीरात नंतर झाला, ही शक्यता उरतेच. शिवाय मधला कोणी तपासलाच गेला नसेल तर बाण दोघांकडेही तिसऱ्याकडूनच येतो.

आता क, ख, ग. त्यांच्या खाटा दोन, नऊ आणि तेरा. शेजारी नाहीत, खिडकी वेगळी, सिस्टर वेगळ्या. वही उघडली तर तिघींना एकाच मंगळवारी सकाळी सोनोग्राफीला नेले होते आणि यंत्र बंद पडल्याने बंद खोलीबाहेरच्या बोळात तासभर एका बाकावर बसवले होते. ही ओळ वहीत नसती, तर तीन सारखे जनुकक्रम घेऊन आपण वॉर्डाचेच पडदे धूत बसलो असतो.

सारखा विषाणू मिळूनही भेटीची जागा नेहमी सापडत नाही. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स इस्पितळात २०२० च्या पहिल्या लाटेत सारख्या विषाणूंचे ३५ गट निघाले, एकूण १५९ रुग्ण. त्यांतल्या ९२ जणांचे भक्कम दुवे सापडले, ३२ जणांचे शक्य वाटणारे. म्हणजे चांगले मनुष्यबळ असूनही पाचातल्या एकाचा दुवा लागला नाही.

एक अपवाद आठवणीत असू द्या. कर्करोगाचे उपचार चाललेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात कोविडचा विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो आणि तिथल्या तिथे बरेच बदल साठवतो. अशा रुग्णाच्या बाबतीत "दहा अक्षरे म्हणजे नाही" हा नियम तपासल्याशिवाय लावू नका.

डायलिसिसचे गणित वेगळे

डायलिसिस विभागात कोणाची हिपॅटायटिस सीची चाचणी निगेटिव्हची पॉझिटिव्ह झाली, तर वरची मोजपट्टी बाजूला ठेवा. या विषाणूचा जनुकसंच ९,६०० अक्षरांचा. एकाच माणसाच्या रक्तात त्याचे अनेक किंचित वेगवेगळे भाऊबंद एकदम नांदतात, आणि संसर्ग वर्षानुवर्षे टिकतो. जुन्या रुग्णाच्या विषाणूचा सरासरी जनुकक्रम नव्या रुग्णाशी न जुळताही संसर्ग त्याच्याकडूनच आलेला असू शकतो, कारण उडी त्या गर्दीतल्या एखाद्या भावाने मारलेली असते. म्हणून इथे बाह्य आवरणाच्या सर्वाधिक बदलणाऱ्या भागाचे खोल वाचन करून दोघांच्या गर्दीची तुलना करतात. नुसता प्रकार जुळला याला अर्थ नाही. भारतात प्रकार ३ सर्रास आढळतो.

वहीसुद्धा मागे न्यावी लागते, कारण अधिशयन काळ दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत आहे. कोणते यंत्र, कोणती पाळी, आधीच्या पाळीत त्या खुर्चीवर कोण, हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) कुपी एकासाठी की अनेकांसाठी. शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारा. अमेरिकेतल्या नेब्रास्कात २०००-२००१ मध्ये एका कर्करोग दवाखान्यात ९९ रुग्णांना हिपॅटायटिस सी झाला, तो वापरलेली सिरिंज सर्वांच्या सलाइनच्या पिशवीत पुन्हा बुडवल्यामुळे. आपल्याकडे २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथे सिरिंजच्या पुनर्वापरातून हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली होती.

आठवी पायरी: निकालाचे करायचे काय

सगळे वेगवेगळे निघाले, तर विषाणू बाहेरून पुन्हा पुन्हा येतो आहे. दाखल करतानाची चाचणी, भेटीच्या वेळा, नातेवाइकांचे मास्क यांकडे बघा. सगळे एक निघाले, तर आतली वाट शोधा: बोळ, जेवणखोली, हवा न खेळणारी खोली, वॉर्डांमधून फिरणारी माणसे. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या सेंट ऑगस्टिन्स इस्पितळात २०२० मध्ये ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी बाधित झाले, १५ रुग्ण दगावले. विषाणू बहुधा एकदाच आत आला होता आणि पुढे वॉर्डामागून वॉर्ड करत गेला. रुग्णांच्या सततच्या हलवाहलवीने त्याला पाय फुटले.

वेळेचे भान ठेवा. ब्रिटनमधल्या १४ इस्पितळांत ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात मोठा प्रयोग झाला, २,१७० रुग्णांचा. जनुकक्रमाच्या अहवालामुळे इस्पितळातले संसर्ग कमी झाले असे काही सिद्ध झाले नाही. पण अहवाल पाच दिवसांत हाती आला, तेव्हा पाचातल्या साधारण एका प्रकरणात संसर्ग नियंत्रणाची कृती बदलली. ज्यांचे अहवाल यायचे होते त्यांतल्या निम्म्या रुग्णांचे तर आलेच नाहीत. म्हणून अहवालाची वाट बघत विलगीकरण, मास्क, खिडक्या उघडणे थांबवू नका. ते पहिल्या फोनपासून सुरू करायचे. जनुकक्रम मागून येतो आणि तुमचा अंदाज सुधारतो.

निकाल सांगताना ज्यांच्यावर संशय होता त्यांना आधी, एकटे बोलावून सांगा. आमच्या कल्पित वॉर्डबॉयला हे कळण्याचा हक्क वॉर्डाच्या मीटिंगच्या आधीचा आहे. समितीच्या अहवालात "अमक्याकडून तमक्याला" असे वाक्य लिहू नका. "जनुकक्रम आणि नोंदी थेट संसर्गाशी सुसंगत" किंवा "विसंगत" एवढेच लिहा. तो कागद उद्या नुकसानभरपाईच्या दाव्यात कोणाच्याही हातात जाऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे.

जनुकक्रम जिसेडसारख्या सार्वजनिक संग्रहात जरूर द्या, नाहीतर पुढच्याला सहाव्या पायरीसाठी तुलनेला काय मिळणार? कच्च्या फाइली देणार असाल तर त्यातले मानवी डीएनएचे तुकडे आधी गाळून घ्या. सोबतच्या माहितीत ठिकाण म्हणून "गोवा" एवढेच लिहा. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. फोंड्यातल्या कोणाची सून कोणत्या इस्पितळात आहे हे दुपारपर्यंत डिचोलीत कळते. वय, तालुका आणि तारीख एकत्र दिली की नाव लिहिल्यासारखेच झाले. वय दहा-दहा वर्षांच्या गटात द्या, तारखेऐवजी आठवडा द्या, आणि किल्लीची वही कपाटात बंद ठेवा.